डावीकडचा नळ

आमचं गाव बेटाच्या बरोब्बर मध्ये, हमरस्त्यावर.
उत्तरेचा थकून इथंच थांबायचा,
दक्षिणेचाही.
म्हणून बाबांच्या पबात नळ दोन:
उजवा ‘गरुड’, दक्षिणेचा,
डावा ‘दीपस्तंभ’, उत्तरेचा.
टास्मानियात तेव्हा सोयरीक जुळवतानासुद्धा
लोक आधी हेच विचारत.
(थोडं वाढवून सांगतेय. थोडंच.)

मर्व्ह पिअरगूड कायम उजव्या नळासमोर.
बोटं कातरीनं वाकडी झालेली,
तळहात मात्र लोकरीच्या तेलानं
बाळंतिणीसारखे मऊ.
‘दीपस्तंभ? त्यानं मी माझी कुत्री नाही धुणार.’
बायको नेमकी उत्तरेची, दुल्सी.
नाताळात सासुरवाडीला जाताना
हा गाडीत गरुडची पेटी घालायचा,
आणि सासरा ती पेटी
न बोलता उचलून
अंगणात उन्हात ठेवायचा.

मग तो संपाचा हिवाळा.
गरुडच्या कारखान्याला टाळं,
कुरणांवर दहिवर गोठलेलं,
आणि कातरणीची टोळी उद्या गावात येणार.
रात्री बाबा तळघरात उतरले.
बॅटरी मी धरली होती, वय अकरा.
नळ्या सोडल्या, नळ्या जोडल्या.
‘बोललीस तर पब गेला.’
तीन आठवडे दोन्ही नळांना एकच पिंप,
आणि वर, बारपाशी,
उत्तर आणि दक्षिण
पूर्वीसारखीच एकमेकांची आई-बहीण काढत होती.

मर्व्हनं पहिला घोट घेतला.
मिशीवरचा फेस पुसला.
ग्लास खाली ठेवून म्हणाला,
‘याला म्हणतात बिअर.’
मी स्वयंपाकघरात पळाले
आणि पिठाच्या पोत्यात तोंड खुपसून हसले.

आता बाबा नाहीत.
गरुड आणि दीपस्तंभ, दोघांचा मालक एकच,
समुद्रापलीकडची कुठलीशी कंपनी.
पबात गोधड्या विकतात.
आणि जिथं मर्व्हनं चाळीस वर्षं मेंढ्या कातरल्या
त्या लोकरीच्या शेडमध्ये
टॅम्सिन नावाच्या पोरीनं पोलादी हंडे मांडलेत.
डोंगरी मिरीची बिअर, रानमधाची बिअर,
धुरावलेल्या जवाची एक.
नावं अशी लांब, की वाचेपर्यंत फेस बसतो.

दुल्सी गेली त्याला वर्ष झालं, त्या आठवड्यात
मीच त्याला तिथं घेऊन गेले.
खांब मोजत गेला. ‘हा माझा. तिसरा.’
तिथंच बसला.
‘गरुड आहे?’
टॅम्सिननं मान हलवली, आणि आणली
एका फळीवर चार पिटुकले ग्लास.
‘हे काय, खोकल्याचं औषध?’

वाटलं, आता सांगून टाकावं.
किती वर्षं पोटात ठेवायचं?
‘मर्व्ह, त्या संपाच्या हिवाळ्यात…’
‘नळ्या,’ तो म्हणाला.
‘पहिल्याच घोटाला कळलं.’

‘मग बोलला का नाहीस?’

‘तुझा बाप बारमागे उभा होता,
फडकं पिळत.
कोरडं फडकं, पोरी.’

बाहेर एक ट्रक उत्तरेला गेला.
पत्र्याचं छप्पर थरथरलं, थांबलं.
मग तो फळीकडे बघत, आवाज बारीक करून,
जणू ती अजून शेजारच्या खोलीत आहे:
‘आणि खरं सांगू?
ती चांगली होती.
गरुडपेक्षा चांगली.
दुल्सीला एवढं कधी सांगितलं नाही.’

मी काही बोलले नाही.
टॅम्सिन हंड्याचा काटा बघत होती.
मर्व्हनं मिरीची बिअर हुंगली,
तोंड वाकडं केलं, बाजूला सारली.
रानमधाची तर हातातसुद्धा घेतली नाही.
धुरावलेल्या जवाची
त्यानं सावकाश, तळापर्यंत संपवली
आणि ग्लास पालथा घातला.

आवडली का,
ते मी त्याला विचारलं नाही.